येते म्हणून निघताना

मराठी घरातून बाहेर पडणारे माणूस 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणते. हातावर दही घालायचे, देवाला आणि वडीलधाऱ्यांना नमस्कार करायचा, आणि जो पुन्हा या उंबऱ्याला पाय लावणार नाही हे सर्वांना ठाऊक आहे त्यानेही वळून 'येतो हं' असेच म्हणायचे. हा संकेत मोठा गोड आहे. संसाराला तो फार सोयीचाही आहे. वाङ्मयाला मात्र तो तितकासा मानवलेला नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आपल्या लेखकांनी गाव सोडल्याची जी वर्णने केली आहेत, त्यांतली पुष्कळशी या 'येतो'च्या आडोशाला उभी आहेत. निरोप घेतल्याचा आव आहे, पण निरोप घेतलेला नाही.

दिवाळी अंकांचाच दाखला घ्या. फराळाचे ताट शेजारी ठेवून आपण जे चार-दोन अंक चाळतो, त्यांत 'माझे गाव' या जातीचा एखादा लेख सापडला नाही असे सहसा होत नाही. त्यात एक वड असतो, वडाला पार असतो, देवळातली घंटा असते, नदी असते आणि ती नदी 'तेव्हा' स्वच्छ असते. आजीच्या हातची भाकरी असते. लेखक बहुधा दहाव्या-बाराव्या वर्षी तेथून बाहेर पडलेला असतो आणि चाळीस वर्षांनी एका दुपारी मोटारीने जाऊन आलेला असतो. गाव बदलले, ही त्याची तक्रार. मोटारीतून उतरलेला माणूस किती बदलला, याची नोंद त्या लेखात नसते. हे लेख मीही आवडीने वाचते. डोळ्यांत पाणीही येते. पण ते पाणी कुणासाठी आले म्हणून विचारले तर उत्तर देता येत नाही, कारण त्या वडाच्या जागी माझ्या आजोळचा पिंपळ घातला तरी लेखाचे काही बिघडत नाही. जो निरोप कोणत्याही गावाला लागू पडतो तो कोणत्याच गावाचा नसतो.

हे सारे आताच सुचण्याला एक कारण झाले. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा मी मिरज सोडलेली असेन. वीस-एक वर्षे या गावात राहिले, शिकवले, लिहिले. आता घरातल्या मंडळींच्या सोयीसाठी पुण्याला बिऱ्हाड हलवायचे आहे. शिक्षकाच्या पेशाला आणि कादंबरीच्या व्यसनाला अनुसरून मी काय केले, तर सामान बांधण्यापूर्वी कपाटातली पुस्तके काढून बसले. आपल्या आधी जे गेले ते कसे गेले, हे पाहावे, असा विचार. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडते आहे.

आपल्याकडे गावाचा निरोप घेण्याचा सर्वांत मोठा धडा दीड हजार वर्षांहून जुना आहे, आणि योगायोग असा की त्याचे या मिरजेशी नाते आहे. कालिदासाच्या 'शाकुंतला'चा चौथा अंक. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली त्याचे 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आणले, आणि त्याच किर्लोस्कर मंडळीत 1905 साली मिरजेच्या रंगमंचावर नारायण राजहंस नावाचा एक सतरा वर्षांचा मुलगा शकुंतला होऊन प्रथम उभा राहिला. पुढे तो बालगंधर्व म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाला. मिरजेतल्या लोकांना या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. मला मात्र ती वेगळ्याच कारणासाठी आठवते. त्या रात्री या गावाने पाहिले ते एका मुलीचे आश्रम सोडून जाणे होते.

चौथा अंक आपण 'पाठवणी' म्हणून वाचतो आणि कण्वाबरोबर गहिवरतो. पण पुन्हा नीट पाहावे. शकुंतला आश्रमाला निरोप देत नाही. ती एकेकाला निरोप देते. ज्या वेलीला तिने बहिणीप्रमाणे वाढवले, तिला वनज्योत्स्ना हे नाव आहे. जे हरिणाचे पाडस तिचे वस्त्र ओढते त्याच्या तोंडातली जखम तिने तेल लावून बरी केलेली आहे. दिवस भरलेल्या हरिणीची वार्ता कळवा, असा निरोप ती वडिलांपाशी ठेवते. या अंकात 'निसर्ग' हा शब्द नसून झाडे आहेत, आणि झाडांतही हे झाड व ते झाड असा भेद आहे. म्हणूनच ते रडणे कुणा दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. शिवाय शकुंतला 'येते' म्हणत नाही. पुन्हा या तपोवनात कधी, असे ती सरळ विचारते. आणि कण्वही खोटा धीर देत नाही. राज्य मुलाच्या हाती सोपवशील तेव्हा, म्हणतो. म्हणजे आयुष्य सरल्यावर. सगळ्या मराठी ललित निबंधांना एकत्र बांधले तरी एवढा स्पष्टपणा त्यांत निघायचा नाही.

आता आपल्या कादंबऱ्यांकडे येऊ. खेड्याचा वियोग मराठी कादंबरीने मनापासून लिहिला आहे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' (1955) घ्या. कोकणातले एक गाव ओस पडत जाते. पण गोनीदांनी ती कथा जाणाऱ्याच्या तोंडी दिली नाही. ती सांगते अंबूवहिनी, म्हणजे जी त्या घरात सून म्हणून आली आणि तिथेच रुजली ती बाई. निरोपाची दुसरी बाजू या पुस्तकात प्रथमच बोलली, असे मला वाटते. ज्याला निरोप दिला जातो त्याचे काय होते, हे जाणाऱ्याला कधी दिसत नाही. त्याची पाठ असते. तरीही माझी एक तक्रार आहे. अंबूवहिनीची भाषा इतकी लडिवाळ आहे की गावाचे मरणसुद्धा त्या लाडात गुंडाळले जाते. बोलीची गोडी वाचकाला इतकी गुंगवते की घरांना कुलपे का लागली हा प्रश्न विचारायचे भान राहत नाही.

श्री. ना. पेंडशांच्या 'रथचक्रा'त (1962) हे भान आहे. तेथे एक आई मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातल्या घरातून उठते आणि तालुक्याच्या गावी येते. ती रडत नाही असे नाही, पण तिला वेळ नाही. पेंडशांची ही कोरडी नजर मला मानवते. पोटासाठी, मुलांसाठी गाव सोडणाऱ्या माणसाला निरोपाचे भाषण सुचत नसते. भांडी मोजायची असतात.

पण या सर्वांत मला जवळची वाटते ती 'बनगरवाडी'. माडगूळकरांची ही कादंबरी 1955 साली पुस्तकरूपाने आली. तीत औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला एक पोरसवदा मास्तर आपली कथा सांगतो. ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मास्तर नव्हते, नंतर वाचली तेव्हा होते. आणि दोन्ही वाचनांत जमीन-अस्मानाचा फरक पडला. मास्तर येतो, शाळा भरवतो, कारभाऱ्याचा विश्वास संपादन करतो, लोकांच्या श्रमांतून तालीम उभी करवतो, खुद्द राजेसाहेब वाडीवर येतात. आणि मग पाऊस दगा देतो. मेंढरे मरू लागतात, माणसे जगायला बाहेर पडतात, शाळेला मुले उरत नाहीत, आणि मास्तराची बदली होते. शेवटच्या पानांवर मास्तर गाव सोडतो असे आपण म्हणतो, पण खरे म्हणजे गावाने त्याला आधीच सोडलेले असते. ज्यांचा निरोप घ्यायचा ती माणसेच निघून गेलेली आहेत. हा निरोप विलक्षण आहे, कारण त्यात निरोप घ्यायला कोणी नाही. माडगूळकर एक शब्द जास्तीचा खर्च करीत नाहीत. आकाश, माती, रिकामी घरे, संपले. मराठीत गाव सोडण्याचे इतके प्रामाणिक वर्णन दुसरे नसावे.

मात्र 'बनगरवाडी'ची मदत मला होईना. माझे गाव काही ओस पडत नाही. ते माझ्या मागे जसेच्या तसे, किंबहुना अधिकच गजबजत राहणार आहे. सकाळी लक्ष्मी मार्केटात भाजी येणार, दर्ग्याच्या वाटेवर फुलांचे हार टांगलेले असणार, गणपतीच्या मिरवणुकीसाठी कमानी चढणार. मी नाही, एवढाच काय तो फरक. अशा गावाचा निरोप कसा लिहायचा?

येथेच मला आमच्या वाङ्मयातली पोकळी जाणवली. खेड्याला शोकगीत मिळाले. मुंबईलाही तिचे लेखक मिळाले. भाऊ पाध्ये, अरुण साधू, किरण नगरकर यांनी त्या शहराला पानोपान भरून ठेवले आहे, आणि मुंबई सोडून जाणाऱ्या माणसाची तिथे कोणी दखलच घेत नाही, हेही त्यांच्या लेखनाने सांगून झाले आहे. पण मधली गावे? सांगली-मिरज, धुळे, अमरावती, नांदेड, लातूर, बेळगाव? जिथे महानगरपालिका आहे पण दुकानदार तुमचे नाव घेऊन विचारतो, जिथे तुम्ही जमीन कसली नाही, पूर्वज गाडले नाहीत, भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलात, आणि तरीही तुमच्या अर्ध्या आयुष्याचा हिशेब तिथे आहे? खेडे सोडणाऱ्याला 'मुळे तुटली' असे म्हणता येते. मी मिरजेत मूळ धरले असे कोणत्या तोंडाने म्हणू? आणि धरले नाही, तर जाताना हे जड काय वाटते आहे?

मिरजेचे दुर्दैव तर आणखी एका पायरीने खाली आहे. आमचे गाव पुस्तकांत येते ते बहुधा स्टेशन म्हणून. एके काळी येथे तिन्ही रुंदींचे रूळ होते: पुण्याकडून येणारा मोठा, बेळगाव-बंगलोरकडे जाणारा मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूरकडचा तो चिमुकला नॅरोगेज. मुंबईहून दक्षिणेला जाणारे माणूस येथे गाडी बदलायचे. वळकटी उतरवायची, चहा घ्यायचा, हमालाशी घासाघीस करायची आणि दुसऱ्या फलाटावर जायचे. आज सगळे रूळ एकाच रुंदीचे झाले आहेत. गाडी बदलण्याचे कारणही उरले नाही. पण वाचकांच्या मनात मिरज म्हणजे 'जंक्शन' ते जंक्शनच. जिथे सगळे दुसरीकडे जायला उतरतात, ते गाव कुणी सोडले तर ती बातमी होईल कशी?

आणि गंमत पाहा, या जंक्शनातून जी माणसे गेली त्यांच्या जाण्याने महाराष्ट्राचा, नव्हे साऱ्या देशाचा, गाण्याचा इतिहास बदलला. विष्णू दिगंबर पलुस्कर मूळचे कुरुंदवाडचे. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकले. 1896 साली त्यांनी मिरज सोडली, आणि 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ते येथेच राहते तर दरबारचे एक मानकरी गवई झाले असते, एवढेच. उलट अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या किराण्याचे. ते येथे येऊन राहिले. 1937 साली दक्षिणेच्या प्रवासात एका लहानशा स्टेशनावर त्यांनी प्राण सोडला, आणि देह मिरजेला आणला गेला. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दरवर्षी उरुसाला गवई येऊन तेथे हजेरी लावतात. एकाने हे गाव सोडले आणि मोठा झाला. दुसरा मोठा होऊन आला आणि गेल्यावरही येथेच राहिला. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून एखादी कादंबरी कोणी लिहायला हवी होती.

तेच तंतुवाद्यांचे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारी जात. हत्यारे गेली तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, यांच्यातल्या फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी हात तंबोऱ्याकडे आणि सतारीकडे वळवला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे वाळून येथे येतात आणि तंबोरा होऊन देशभर जातात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्गातल्या एका मुलाने मला विचारले, "बाई, म्हणजे आता ते दुसरीकडे करता येणार नाहीत?" मी म्हटले, करता येतील, पण मिरजेचे म्हणून विकता येणार नाहीत. तो म्हणाला, "मग गावाबाहेर गेलेल्या माणसालापण मिरजेचा म्हणता येत नाही का?" वर्ग हसला. मीही हसले. त्या वेळी मला जायचे आहे हे ठरले नव्हते.

2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी उरले नाही तेव्हा येथून रेल्वेच्या वाघिणींत पाणी भरून धाडले गेले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या दिवसांत स्टेशनाकडे मुद्दाम फिरायला जाणारी माणसे मी पाहिली. आपल्या गावचे पाणी कसे जाते ते बघायला. हाही एक निरोपच होता. पण त्यावर एक चांगली गोष्ट माझ्या वाचनात आली नाही. बातम्या पुष्कळ आल्या.

असो. मी वाङ्मयावर लिहायला बसले आहे, गावाची जाहिरात करायला नव्हे.

मधल्या गावांबद्दल मराठीत मुळीच लिहिले गेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. खांडेकरांपासून सुरुवात करायची तर ते माझ्यासारखेच मास्तर आणि कादंबरीकार. पदवीशिवाय शिकवायला लागलेले, तेही माझ्यासारखेच. सांगलीत जन्मले, 1920 साली शिरोड्याच्या शाळेत गेले आणि 1938 साली ते गाव सोडून कोल्हापूरला आले. अठरा वर्षे! ज्या माणसाने एवढा काळ एका शाळेत काढला त्याने त्या गावाचा निरोप लिहिला असेल, म्हणून मी मोठ्या अपेक्षेने शोधू लागले. खांडेकर गाव सोडतात तेव्हा त्याचा समुद्र बरोबर नेतात, आणि तो समुद्र पुढे त्यांच्या लेखनात ध्येय होतो, जीवन होतो, नियती होतो. खारे पाणी तेवढे राहत नाही. शिरोड्याला मिठागरे होती, 1930 साली तेथे मिठाचा सत्याग्रह झाला. अशा गावातून आलेल्या लेखकाच्या समुद्राला मिठाची चव कमी असावी, याचे मला नवल वाटते. खांडेकरांविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि हे मी त्या आदरापोटीच म्हणते: उपमा हा निरोप टाळण्याचा सर्वांत सभ्य मार्ग आहे.

पु. लं.चा अंतू बर्वा याच्या अगदी उलट. 'व्यक्ती आणि वल्ली' (1962) मधल्या त्या एका माणसाच्या बोलण्यातून रत्नागिरीची मधली आळी उभी राहते, आणि ती दुसऱ्या कोणत्याही गावात नेऊन बसवता येत नाही. लहान शहर कसे लिहावे याचा तो वस्तुपाठ आहे: चौकापासून नव्हे, माणसापासून. फक्त एवढेच की तेथला 'मी' पाहुणा आहे. तो सुटीला येतो आणि जातो. त्याला निरोप घ्यावा लागत नाही, कारण त्याचे तेथे काही अडकलेले नाही. अंतूशेट मात्र अडकलेले आहेत, आणि त्यांच्या हसण्याला जी काजूच्या चिकासारखी धग आहे ती त्यामुळे.

सतत निरोप घेणारा एकच नायक मराठीत मला सापडला, आणि तो म्हणजे नेमाड्यांचा चांगदेव पाटील. 'बिढार' (1975), 'जरीला' (1977), 'झूल' (1979). इंग्रजी शिकवणारा हा तरुण प्राध्यापक एका गावच्या कॉलेजातून दुसऱ्या गावच्या कॉलेजात जात राहतो. या कादंबऱ्यांच्या निमित्ताने जातीपाती, संस्थाचालक, नवी नीती यांवर वाद पुष्कळ झाला. पण त्यांचा खरा विषय मला वेगळाच वाटतो. खोली मिळवणे आणि खोली सोडणे. 'बिढार' हे नावच पाहा! आपल्या कादंबरीत मधल्या गावांना प्रथमच पूर्ण प्रवेश मिळाला तो या मालिकेत, त्यांच्या कॉलेजांसकट, राजकारणासकट, खानावळींसकट. पण चांगदेवाच्या निरोपात एक घाई आहे. त्याला प्रत्येक गावाचा वीट आलेला असतो. वीट आलेला माणूस निरोप घेत नसतो, तो सुटत असतो. नेमाडे त्या सुटकेचे चित्र अचूक काढतात, आणि गाव मागे आपल्या घाणीसकट तसेच पडून राहते. ही प्रामाणिक गोष्ट आहे. पण माझी नाही. मला मिरजेचा वीट आलेला नाही.

जी. ए. कुलकर्ण्यांची गोष्ट निराळी. बेळगाव त्यांचे शिक्षणाचे गाव, धारवाड नोकरीचे. धारवाडातल्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्याची उमेदीची सगळी वर्षे इंग्रजी शिकवले, आणि शेवटच्या दिवसांत पुण्याला आले. 1987 साली तेथेच गेले. त्यांच्या निधनानंतर 'माणसे: अरभाट आणि चिल्लर' हे पुस्तक निघाले. 'काजळमाये'तला नियतीचा काळोख ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. तेथे नियती फारशी नाही. तेथे माणसे आहेत. नात्यातली, गल्लीतली, दुकानातली. नावच सांगते की लेखकाने त्यांच्यात थोरामोठ्यांची निवड केलेली नाही. चिल्लरसुद्धा मोजून परत दिली आहे. लहान शहराचा निरोप म्हणून मराठीत जर एका पुस्तकाचे नाव घ्यायचे तर मी याचे घेईन. जी. ए. कोठेही 'मी या गावाला मुकलो' असे म्हणत नाहीत. ते फक्त सांगत राहतात की अमुक माणूस असा बोलायचा. एखादी गोष्ट कायमची गेली आहे हे कळल्याखेरीज माणूस इतक्या बारकाईने सांगत नाही.

त्यांच्याच परिसरातले, पण पोरवयाचे जग प्रकाश नारायण संतांचे. लंपन आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांच्या गावी राहतो; पुस्तकाचे नावच 'वनवास' (1994). संत स्वतः कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवीत होते आणि लिहीत होते ते सीमेवरच्या त्या कानडी-मराठी गावाविषयी. दगडाच्या थरांवरून काळ ओळखणारा माणूस! लंपनला जे आठवते त्यात असेच थर आहेत, आणि कुठेही माती उकरून वर आणल्याचा आवाज येत नाही. पण तो मुलगा आहे. मुले गाव सोडत नाहीत. त्यांना नेले जाते किंवा ठेवले जाते.

हे वाक्य लिहिताना लक्षात आले की बायकांचेही पुष्कळसे असेच आहे. पुरुष लेखकाच्या आयुष्यात गाव सोडणे ही घटना असते, तिच्यावर कादंबरी उभी राहते. बाईच्या आयुष्यात ते विसाव्या वर्षी होऊन गेलेले असते, अक्षता पडतात त्याच दिवशी. जात्यावरच्या ओव्यांनी माहेर आठवले. पण त्यानंतरची गावे? नवऱ्याच्या बदलीची, मुलांच्या शाळेची, भाड्याच्या खोल्यांची? लक्ष्मीबाई टिळकांनी ती लिहिली. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. टिळक आज या नोकरीत तर उद्या त्या गावी. बाईने किती बिऱ्हाडे मांडली आणि मोडली त्याची गणती करावी लागेल. आणि ती मोडताना कोठे हुंदका आहे? हसू आहे, भांडण आहे, हरवलेली वस्तू आहे, उपाशी पोर आहे. मी पूर्वी समजत असे की हा लक्ष्मीबाईंचा विनोदी स्वभाव. आता वाटते, ही एक वाङ्मयीन पद्धतच आहे. गावाविषयी बोलायचेच नाही. त्या गावात काय सांडले, काय उतू गेले, शेजारणीने काय आणून दिले तेवढे सांगायचे. गाव त्यात आपोआप येते. आमच्या समीक्षेने 'स्मृतिचित्रां'ची साधेपणासाठी इतकी स्तुती केली की त्यातली ही नेमकेपणाची शिस्त कोणी उचलली नाही.

नेमकेपणावरून मला आणखी एका ग्रंथाचे नाव घ्यायचे आहे, जे या पंगतीत पाहून काही वाचक हसतील. महानुभावांची 'स्थानपोथी'. चौदाव्या शतकातला हा ग्रंथ. चक्रधरस्वामी निघून गेलेले. मागे राहिलेल्यांनी काय केले, तर स्वामी ज्या ज्या गावी राहिले, जेथे बसले, जेथे जेवले, जेथे निजले, ती एकेक जागा नोंदवून ठेवली. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दार कोठे, पटिशाळा कोठे, आसन कोठे. शोक नाही, अलंकार नाही, 'अहो, ते दिवस!' नाही. नुसत्या दिशा आणि जागा. वाङ्मय म्हणून कोणी हा ग्रंथ वाचत नाही, संशोधक वाचतात. पण मी तो वाचते तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. एवढ्या बारकाईने जागा नोंदवणाऱ्याला 'तो येथे नाही' ही एकच गोष्ट सांगायची असते, आणि ती तो कधीही सांगत नाही.

या वाचनानंतर मी पुण्याला नेण्याच्या पेटीत एक शाळेची दोनशे पानी वही ठेवली आहे. तिच्यात कथा नाही, आठवणी नाहीत. घराच्या दाराचे तोंड पूर्वेला. जिना अकरा पायऱ्यांचा, त्यातली सातवी तुटकी. दारातून डावीकडे वळले की पिठाची गिरणी. गिरणीत दुपारी दोन ते चार पीठ दळत नाहीत. तेथून पुढे वाद्ये करणाऱ्यांची गल्ली. पहिल्या दुकानाच्या ओट्यावर भोपळे पालथे घालून ठेवतात, पावसाळ्यात आत घेतात. दुसऱ्या दुकानातला म्हातारा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीवर कानस एकदाच फिरवतो, तार छेडतो, मान हलवतो आणि पुन्हा कानस घेतो. असे किती वेळा, ते मोजायला मी उभी राहिले तर त्याने मला बसायला पाट दिला. म्हणून तो आकडा राहिला आहे. शाळेच्या मागच्या फाटकापासून बोअरच्या पंपापर्यंत तीस पावले, मुलांची पन्नास. दर्ग्याची मागची वाट, किल्ल्याचा खंदक आणि स्टेशनाचा तो जुना, आता रूळ नसलेला भाग अजून लिहायचा आहे. सामानाचा टेंपो सोमवारी येणार आहे.